मुरूम, चिखल आणि जांभा: एकाच सायकलला टायर कोणते बसवावेत?

मुळशीवाट:
नमस्कार. माझ्या २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या) सायकलवर अजून मूळचेच २.१ इंच रुंदीचे, ट्यूबचे टायर आहेत. दर रविवारी मी पुण्याहून पिरंगुट, पौड या मार्गाने मुळशीकडे जातो. बराचसा रस्ता डांबरी असतो आणि पुढे मुरमाच्या वाटा लागतात. गेल्या महिन्यात उतारावरच्या एका वळणावर पुढचे चाक सरकले आणि मी पडलो. त्या वेळी दोन्ही टायरांत ४० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा होती. माझे वजन ७८ किलो आहे. पावसाळ्यातही सायकल चालवायची आहे आणि डिसेंबरात रत्नागिरीकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, जाण्याचा बेत आहे. या सगळ्याला पुरेल असा एकच संच मिळेल का?

घाटमाथा:
आपण पडलात त्या जमिनीपासून सुरुवात करतो. आपल्याकडे कडक मुरमावर बेसाल्टच्या बारीक खड्यांचा सुटा थर असतो, आणि टायरचे नॉब (रबराचे उंचवटे) त्या थरातून खाली उतरून कडक जमिनीला भिडले तरच पकड मिळते. वळणावर सायकल कलली की सगळा भार कडेच्या नॉबवर येतो. ते बुटके किंवा झिजलेले असतील, तर टायर गोट्यांवरून गेल्यासारखा घसरतो. मागचे चाक सरकले तर बहुतेक वेळा सावरता येते, पण पुढचे सरकले की हातात काही राहत नाही. म्हणून दोन्ही टायर एकसारखेच असले पाहिजेत हा आग्रह सोडावा. पुढे २.३५ किंवा २.४ इंची, कडेला ठसठशीत नॉब असलेला, मऊ रबराचा टायर घ्यावा आणि मागे २.२५ इंची, मधले नॉब बुटके व जवळजवळ असलेला, म्हणजे डांबरावर पाय भरून येणार नाहीत. मॅक्सिस कंपनीच्या मिनियन या टायरांच्या मालिकेत डीएचएफ पुढच्या आणि डीएचआर मागच्या चाकासाठी बनवलेला आहे. एवढा डांबरी रस्ता असताना मी ती जोडी सुचवणार नाही, कारण ती जड आहे. पण दोन चाकांची कामे वेगळी असतात हे त्यावरून समजते.

सड्यावरचा:
जांभ्याबद्दल थोडे लिहितो. कोरडा जांभा खरखरीत असतो आणि त्यावर टायर उत्तम धरतो. त्यामुळे डिसेंबरात पकडीपेक्षा त्याच्या धारदार कडांनी साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) कापली जाण्याची काळजी अधिक करावी आणि जाड साइडवॉलचा टायर निवडावा. पावसाळ्यात त्याच सड्यावर शेवाळ धरते. तेथे उंच नॉबचा उपयोग नाही, कारण ते दगडात रुतू शकत नाहीत. मऊ रबर आणि कमी हवा यांचाच काय तो आधार मिळतो, आणि तोही पुरेसा नसतो. अशा ठिकाणी मी सायकलवरून उतरून चालतो. काळ्या मातीचा प्रकार आणखी वेगळा आहे. ती ओली झाली की फुगते, चिकटते आणि फ्रेमपर्यंत थर चढवते. चिखलाचे खास टायर अरुंद आणि विरळ नॉबचे असतात ते त्यामुळेच. तरीही अशा मातीत शिरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाभूळवन:
नवीन टायर घेण्याआधी हवा कमी करून पाहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या वजनाला आणि रुंदीला ४० पीएसआय फार होते. एवढा कडक टायर जमिनीचा आकार घेण्याऐवजी तिच्यावरून उड्या मारतो. सध्याच्या ट्यूबवर पुढे २८ आणि मागे ३१ पासून सुरुवात करावी. त्याहून फार खाली गेल्यास दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चिमटली जाऊन तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. रिम ट्यूबलेसला (आत ट्यूब नसलेल्या टायरला) चालणारी असेल, तर पुढे २३ आणि मागे २६ पर्यंत जाता येते, शिवाय बाभळीच्या काट्यांची छिद्रे सीलंट (टायरच्या आत ओतलेला द्रव) स्वतःच बुजवते. मात्र आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते, म्हणून दर दोन महिन्यांनी तपासावे.

घाटमाथा:
खरेदीपूर्वी फ्रेममधील आणि फोर्कमधील (पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्यातील) जागा अवश्य मोजावी. साइडवॉलवर ५७-६२२ असे आकडे असतात. त्यांतील ५७ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी (म्हणजे सुमारे २.२५ इंच) आणि ६२२ हा रिमवर टायर बसतो तेथील व्यास. रुंदी सोडून दोन्ही बाजूंना प्रत्येकी किमान ६ मिलिमीटर मोकळे राहायला हवेत, चिखलात त्याहून अधिक.

मुळशीवाट:
सर्वांचे मनापासून आभार. मागच्या बाजूला फ्रेममध्ये ७० मिलिमीटर जागा आहे, म्हणजे २.२५ इंची टायर जेमतेम बसेल. पुढच्या फोर्कमध्ये मात्र २.४ इंचीलाही भरपूर जागा आहे. आज सकाळी जुन्याच टायरांत २८ आणि ३१ हवा ठेवून त्याच वळणावरून तीन वेळा उतरलो. चाक एकदाही सरकले नाही. पुढचा टायर या महिन्यात बदलतो, मागचा झिजेपर्यंत वापरतो.