पार्किंगलगतचा वाफा

सेक्रेटरी: ए विंगच्या पार्किंगलगतचा वाफा पार माजलाय. कर्दळीची पानं गाड्यांवर आडवी पडतात, चेंबरचं झाकणसुद्धा सापडत नाही. माळ्याला सांगून मशीनने सरसकट गुडघ्याएवढं करून घेऊ?

बी-३०४ काकू: अहो, वरून नका कापू! कर्दळ काय, सोनटक्का काय, फूल शेंड्यालाच येतं. शेंडे उडवलेत की राहतील नुसती खुंटं.

ए-१०२: गेल्या वर्षी तरी फुलं कुठे होती काकू? पालाच पाला.

बी-३०४ काकू: होणारच. वाफा जेमतेम दोन फुटी, इकडे भिंत, तिकडे पेव्हर ब्लॉक. गड्ड्यांनी पसरायचं कुठे? सकाळी खुरप्याने उकरून बघितलं, मातीपेक्षा गड्डेच जास्त. फुलून गेलेला दांडा परत फुलत नाही, तो बुडातून काढायचा. मग पहारीने अख्खं बेट उपसा. मधले जुने, पोकळ गड्डे कंपोस्टला, कडेचे ताजे ठेवायचे. आल्यासारखे डोळे असतात बघा त्यांना. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा, दीड-दीड फुटावर, एकच ओळ. पानं अर्धी छाटून लावा, नाहीतर माना टाकतील.

सी-२०१: 🙏 शुभ सकाळ 🙏

सेक्रेटरी: पण पावसाळा तोंडावर आलाय, आता उपसायचं?

बी-३०४ काकू: आत्ताच. जूनमध्ये लावलं की पाणी घालायची कटकट नाही. ऑगस्टमध्ये हात लावलात तर सोनटक्क्याच्या फुलांवर पाणी सोडा.

बी-५०१ काका: गेटजवळ पहार घालू नका हं. फुटबॉल लिलीचे कांदे आहेत तिथे. मे महिन्यात लाल गोळे आले होते ते. आता देठ वाळलेत, कोणाला पत्ताही लागायचा नाही. पानं आत्ता वाढतात, त्यांच्यावरच कांदा पुढच्या वर्षासाठी पोसतो. मी काड्या खोचून ठेवतो.

ए-१०२: आणि ती पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरलेली? छान दिसते ती.

बी-५०१ काका: वेडेलिया. छान दिसते म्हणूनच आणली कोणीतरी, आता लिलीच्या उरावर बसलीय. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे ती. पेराला पेराला मुळं फुटतात. उपटलेली टेकडीवर किंवा नाल्यात टाकू नका, तिथे रान करेल. कंपोस्टमध्येही नको. गच्चीवर पसरून कडकडीत वाळवा, मग कचऱ्यात.

ए-१०२: जूनमध्ये, गच्चीवर, कडकडीत? 😄

बी-५०१ काका: बरं बाबा, काळ्या पिशवीत घट्ट बांधून पंपरूममध्ये ठेव. कुजली की दे.

सेक्रेटरी: ठीक. मशीन रद्द. उरलेले गड्डे कोणाला हवेत?

डी-४०३: मला सोनटक्का द्या ना, पण कुंडीत येतो का?

बी-३०४ काकू: मोठी कुंडी घे, पसरट. आणि पाणी रोज. कोरडं त्याला अजिबात चालत नाही.

सेक्रेटरी: रविवारी सात वाजता. ए विंगवाल्यांनी गाड्या शनिवारी रात्रीच मागच्या गेटला लावा. पहार कोणाकडे आहे? सोसायटीची होती ती कुठे गेली देव जाणे.

सी-२०१: माझ्याकडे आहे 🙏