परदेशातील योगवर्गाकडून आपण काही घ्यावे का?

धागाकर्ती (नौपाडा, ठाणे):
म्युनिकला मुलीकडे राहत असताना मी तिथल्या फोल्क्सहोखशुलेत, म्हणजे शहराच्या प्रौढशिक्षण केंद्रात, हठयोगाच्या वर्गाला जात असे. शिक्षिकेने प्रत्येकीला आधी गुडघेदुखी, रक्तदाब, शस्त्रक्रिया यांविषयी विचारले आणि आसन सुधारताना अंगाला हात लावलेला चालेल का, हेही विचारले. एकीने नको म्हटल्यावर तिला अखेरपर्यंत केवळ शब्दांनी मार्गदर्शन केले. जर्मनीत सार्वजनिक आरोग्यविमा संस्था प्रमाणित योगवर्गाच्या शुल्काचा काही भाग परत देतात, त्यामुळे शिक्षकाचे प्रशिक्षणही तपासले जाते. आपल्याकडे मात्र पाठीवर हात ठेवून वाकवणे हीच शिकवण्याची तळमळ मानली जाते. हाडे ठिसूळ झालेल्या बाईला पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, असे दाबले तर तिचा मणका मोडू शकतो. ही विचारपूस आपण सुरू करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रतिसाद (वर्तकनगर, ठाणे):
मी असहमत आहे. पतंजलींच्या जवळपास दोनशे सूत्रांपैकी आसनाला थेट वाहिलेली तीनच आहेत आणि आसनाआधी यम-नियम येतात. परदेशात नेमके तेच गळून पडले आहे. कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथे शाळांमधील योगाविरुद्ध पालक न्यायालयात गेले, तेव्हा शाळांनी आसनांची संस्कृत नावेच काढून टाकली होती, आणि २०१३ साली न्यायालयाने हा योग धार्मिक नसल्याचा निर्वाळा दिला. एवढी किंमत मोजून जे उरते, त्याचा आदर्श आपण का ठेवावा? ठाण्यात वर्षानुवर्षे विनामोबदला शिकवणारी माणसे आहेत. ती विद्यार्थ्याचे दुखणेखुपणे फॉर्म भरून घेतल्याशिवायही ओळखतात.

प्रतिसाद (नेरूळ, नवी मुंबई):
शरीर तपासून योग शिकवण्याची पद्धत परकी नाही. योगशिक्षक योगेंद्रजींनी १९१८ मध्ये मुंबईत योगसंस्था सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण केले. तरीही प्रमाणपत्र आणि शुल्क यांची सांगड मला मान्य नाही. आमच्या सेक्टरमधल्या उद्यानात पहाटेच्या वर्गाला घरकामाला जाणाऱ्या बायका आणि रात्रपाळी संपवून आलेले सुरक्षारक्षकही असतात. वर्गाला शुल्क लागले, तर सर्वांत आधी तेच बाहेर पडतील.

धागाकर्ती:
शुल्क लावा, असे मी म्हटलेले नाही. विचारायला पैसे लागत नाहीत. वर्तकनगरच्या वाचकांना यम-नियमांची एवढी आस्था आहे, तर पहिला यम अहिंसा आहे, आणि दुसऱ्याच्या देहाला न विचारता न दाबणे हे तिचेच आचरण आहे. शिक्षक चांगल्या ओळखीचे असतील, तर बाई संकोचाने त्यांना नको म्हणूच शकत नाही. म्हणून आपल्याकडे तर आधी विचारणे अधिक गरजेचे आहे.

प्रतिसाद (वर्तकनगर, ठाणे):
आजारांची नोंदवही ठेवावी, हे मी आमच्या वर्गात सुचवीन, कारण नव्याने येणाऱ्या ज्येष्ठांची माहिती खरोखरच नसते. पण प्रत्येक स्पर्शाआधी परवानगी मागावी लागली, तर गुरू-शिष्यांतील विश्वासाला जागाच उरणार नाही, या मतावर मी ठाम आहे.