अनुभव धागा: जुना, रुळलेला गुलाब का वाळतोय?

धागाकर्ती: नवं कलम रुजलं नाही तर आपण दुसरं आणतो. पण सात-आठ वर्षं दारात भरभरून फुललेला गुलाब एका ऋतूत वाळायला लागला की काही सुचत नाही. नर्सरीत विचारावं तर झाड न बघताच 'बुरशी असेल, हे फवारा' म्हणत बाटली हातात देतात. म्हणून हा धागा. औषधं नंतर, आधी निदान कसं झालं ते लिहा. सुरुवात शेंड्याकडून झाली की बुंध्याकडून? महिना कोणता? माती उकरल्यावर काय दिसलं?

कृष्णाकाठ (कराड): आमचा बुंध्याच्याही खालून गेला होता. भर श्रावणात माती ओलीकिच्च, तरी झाड दुपारी माना टाकायचं. सासूबाई म्हणाल्या पाणी साचलंय, दीर म्हणाले मर रोग. मी बुंधा धरून हलवला तर अख्खं झाड दुधाच्या दातासारखं हललं. वीतभर उकरलं आणि तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या पांढरट अळ्या निघाल्या. हुमणी! आमच्या उसाच्या पट्ट्यात नवल नाही. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे जमिनीतून निघून संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर पाला खायला बसतात, माद्या मातीत अंडी घालतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या मुळांचा फडशा पाडतात. बारीक पांढरी मुळं उरलीच नव्हती, जाड मुळांची साल कुरतडलेली. वरून काय वाट्टेल ते फवारलं असतं तरी उपयोग शून्य. अळ्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकल्या, फांद्या निम्म्यावर आणल्या (उरलेल्या मुळांना एवढा पाला पोसवत नाही) आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम (अळ्यांना मारणारी मित्रबुरशी) मिसळून मुळाशी दिलं. दिवाळीनंतर लाल फूट आली.

लाल माती (देवगड): कृष्णाकाठ, एक पुरवणी. खतात सापडणारी प्रत्येक जाड अळी हुमणी नसते. आमच्याकडे नारळावरच्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखड्ड्यात वाढतात. दिसतात तशाच, पण त्या कुजकं खातात. अळी दिसली म्हणून थांबू नका, मुळं खाल्लीत का ते बघा.

पेठेतली (पुणे): आमचं उलटं, वरून खाली. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कापलेली टोकं काळी पडली आणि तो काळेपणा खाली उतरत गेला. शेंडेमर. काळ्या भागाच्या खाली कापायचं, आतला गाभा तपकिरी दिसला तर अजून खाली, पांढरा दिसला की थांबायचं आणि कापावर बोर्डो पेस्ट लावायची, म्हणजे मोरचूद आणि चुना. आमचे माळीदादा एकच कात्री सगळ्या बंगल्यांतून फिरवतात. आता ती स्पिरिटने पुसल्याशिवाय आमच्या झाडाला लागत नाही.

गोदाकाठी (नाशिक): शहराचं जुनं नाव गुलशनाबाद, त्यात आमचाच गुलाब मरायला टेकलेला! खोड खरबरीत, पांढुरकं झालेलं. सगळे म्हणाले वय झालं. नखाने खरवडलं तर खपल्या निघाल्या आणि खाली हिरवीगार साल. खवले कीड होती. ती जागची हलत नाही, त्यामुळे कीड वाटतच नाही. रॉकेलमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाने जून खोड पुसलं. कोवळ्या फुटीला मात्र रॉकेल लावू नका.

वऱ्हाडी ऊन (अकोला): आमच्याकडे डोळा भरलेल्या (कलम केलेल्या) जागेच्या वरचं सगळं मे महिन्यात वाळलं आणि खालून जोमदार फूट आली. घरचे खूश. पण ती खुंटाची फूट, म्हणजे ज्या झाडावर कलम करतात त्याची; कलम केव्हाच गेलेलं. पानात सात पर्णिका दिसल्या की खुंट, असं सांगतात; ते नेहमी खरं नसतं, काही कलमांनाही सात येतात. फूट निघाली कुठून ते माती बाजूला सारून बघावं.

सोलापुरी: चुनखडीची जमीन, बोअरचं जड पाणी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर आधी निचरा तपासा.

दूरदेशी (डॅलस): इथे रोझ रोझेट नावाचा विषाणू आहे. साध्या डोळ्यांना न दिसणारी कोळी कीड तो पसरवते, ती वाऱ्याबरोबर कुठेही पोचते. फूट लालभडक, एकाच जागी फांद्यांचा झुपका, काटे बेसुमार. निरोगी गुलाबाची कोवळी फूटही लाल असते, पण ती जून होताना हिरवी होते. ही बहुधा लालच राहते. इलाज नाही. मुळांसकट काढून पिशवीत बांधायचं आणि कचऱ्यात टाकायचं.

वऱ्हाडी ऊन: मेलेल्याच्या खड्ड्यात लगेच दुसरा गुलाब चालेल का?

पेठेतली: शक्यतो नको, जुन्या गुलाबाच्या मातीत नवं कलम बरेचदा जोम धरत नाही. तीच जागा हवी असेल तर दीडेक फूट माती जुन्या मुळांसकट काढून नवी भरा. माझ्या आईने तिथे शेवंती लावली, ती झकास आहे.