युरोप रेल्वेनं, वाटेत एक किल्ला : अनुभव धागा

टूर कंपनीच्या बसमधून नव्हे, तर आपली आपण रेल्वेनं तीन-चार देश आणि मधे एखादा किल्ला, असा बेत आखणारे बरेच जण दिसताहेत. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी इथं मोकळेपणानं लिहावं. स्थळांची यादी कुठंही मिळते. कोणती गाडी घेतली, तिकीट कसं काढलं, गडावर पोचायला खरा किती वेळ लागला, घरातल्या मोठ्यांना झेपलं का, ते सांगा.

सुरुवात मी करते. आमचा मार्ग होता कोलोन, म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, प्राग. माझं ठाम मत आहे की आधी किल्ला ठरवावा, मग गाड्या. जर्मनी-ऑस्ट्रियात मोठ्या शहरांमधल्या गाड्या दिवसभर असतात, एक गेली तर दुसरी मिळते. म्युनिकजवळच्या नॉयश्वानस्टाईन किल्ल्यासारख्या ठिकाणी मात्र तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते आणि ती टळली की प्रवेश नाही. त्या दिवशी मुक्कामाचं शहर बदलू नये. किल्ल्याला अख्खा दिवस द्यावा.

म्युनिकहून (इथंच राहतो)

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा नॉयश्वानस्टाईनला जातोच, त्यामुळे हा रस्ता पाठ झालाय. म्युनिकहून फ्युसेनला लोकल गाडीनं दोन तास. काही गाड्या थेट जातात, काहींना मधे बदलावं लागतं. फ्युसेन स्टेशनच्या बाहेरूनच होहेनश्वानगाऊ गावाची बस मिळते. तिथून चढ सुरू. पायी तीस-चाळीस मिनिटं लागतात. घोडागाडी आहे, मिनीबसही आहे, पण दोन्ही अगदी दारापर्यंत नेत नाहीत, शेवटचा टप्पा चालावाच लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. बर्फ पडलं की मिनीबस बंद आणि मारियनब्रुक हा पूलही बंद होतो. सगळ्या फोटोंमध्ये किल्ला दिसतो तो या पुलावरून.

तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. वर दारात तिकीट मिळत नाही. उन्हाळ्यात काही आठवडे आधी बघितलेलं बरं. अकरा-साडेअकराच्या आधीची वेळ घेतलीत तर म्युनिकहून पहाटे निघावं लागेल. मी पाहुण्यांना दुपारी एकनंतरची वेळ सुचवतो. त्यात आणखी एक फायदा आहे. बायर्न तिकीट नावाचं एक दिवसाचं तिकीट मिळतं, पाच जणांपर्यंत एकत्र चालतं. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं आणि फक्त साध्या गाड्यांना. वेगवान गाडीत ते घेऊन बसू नका. हेच तिकीट साल्झबर्गपर्यंतही चालतं.

आतली फेरी अर्ध्या तासाची, फोटो काढायला बंदी, मोठ्या सॅक आणि बाबागाडी नेता येत नाही. तरीही आत जाच. हा किल्ला बांधायला घेणारा बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा १८८६ मध्ये वारला तेव्हा काम अपुरं होतं. सिंहासनाचं दालन झळाळतं आहे, पण त्यात सिंहासनच नाही, ते कधी बसवलंच गेलं नाही. राजा गेल्यावर काही आठवड्यांतच वास्तू लोकांना पाहायला खुली केली.

नाशिकहून (सह्याद्रीत भटकणारा)

वरच्या दादांनी लिहिलेलं पटलं, पण गडकोटांची आवड असणाऱ्यांना एक सांगतो. नॉयश्वानस्टाईनचं बांधकाम सुरू झालं १८६९ मध्ये, म्हणजे आपल्याकडे बोरघाटातून रेल्वे धावू लागल्यानंतर. तिथं लढाई कधी होणारच नव्हती. तट, बुरूज, दरवाज्याची रचना, पाण्याची सोय बघायची असेल तर जर्मनीतल्या राइन नदीच्या काठी जा.

कोलोनहून फ्रँकफर्टला वेगवान गाडी तासाभरात नेते, पण ती राइन सोडून भलतीकडून जाते. तुम्ही कोब्लेंझमार्गे जुन्या लाइनची गाडी घ्या. वेळ जास्त लागतो, मात्र कोब्लेंझ ते बिंगेन नदी अगदी खिडकीला लागून असते आणि दर वळणावर एक किल्ला. कोलोनहून येताना डावीकडची खिडकी धरा.

कोब्लेंझला उतरून पलीकडच्या काठावरच्या लोकल गाडीनं ब्राउबाख गाठलं. तिथं मार्क्सबुर्ग आहे. राइनच्या या पट्ट्यातला हा एकच डोंगरी किल्ला कधी उद्ध्वस्त झाला नाही. खडकात खोदलेल्या, घोडेस्वारासाठीच्या पायऱ्या चढून आत जातो तेव्हा आपल्या गडांची वाट पायांना आठवते. तोफांची माची, स्वयंपाकघर, सगळं जागच्या जागी आहे. १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी या भागात केवढा विध्वंस केला ते तिथं समजतं. त्याच वर्षी रायगड मोगलांकडे गेला. दोन्ही गोष्टी एकत्र डोक्यात आल्यावर मी बराच वेळ तटावर थांबलो होतो.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या एकाच अधिवेशनात युनेस्कोनं आपले बारा मराठा किल्ले आणि लुडविगचे राजवाडे (नॉयश्वानस्टाईन त्यातलाच एक), दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यामुळे दोन्ही बघावेत, पण घाई असेल तर माझं मत मार्क्सबुर्गला.

ठाण्याहून (सासू-सासरे आणि दोन मुलांसह)

पास (अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारं एकच तिकीट) की सुटी तिकिटं, हा प्रश्न सगळेच विचारतात. भारतातून जाणाऱ्यांसाठी युरेल पास असतो, तिकडे राहणाऱ्यांसाठी इंटररेल. चार ते अकरा वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांबरोबर फुकट मिळतो (एका मोठ्यामागे दोन मुलं), पण तो काढावा मात्र लागतो. साठीपुढच्यांना सवलत आहे. हे सगळं धरून आम्हाला पास परवडला. दोघंच असाल आणि तारखा पक्क्या असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेक वेळा स्वस्त पडतात.

पास असला तरी फ्रान्स-इटलीतल्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. जर्मनी-ऑस्ट्रियात आरक्षण सक्तीचं नसतं, पण सासूबाई बरोबर होत्या म्हणून आम्ही केलं. जागेची खात्री असली की मोठ्यांचा जीव शांत राहतो.

हमाल नसतात आणि गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. म्हणून माणशी एक, स्वतःला उचलता येईल एवढीच बॅग. फलाटावर ए, बी, सी असे भाग असतात. आपला डबा कुठं येणार ते फलकावर बघून तिथं आधीच उभं राहायचं. काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटून वेगवेगळ्या गावी जातात, तेव्हा डब्यावरचं गावाचं नाव वाचूनच चढा.

आमची एक जोडगाडी चुकली, कारण पहिली उशिरा आली. दोन्ही गाड्या एकाच तिकिटावर होत्या म्हणून पुढच्या गाडीनं जाता आलं. वेगवेगळी तिकिटं काढली असती तर नवीन घ्यावं लागलं असतं.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मेतकूट यांवर पहिले दिवस निभावतात.

पुण्याहून

व्हिसाबद्दल थोडक्यात. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथं आधी पाऊल ठेवणार तिथं. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आणि गाडीत पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. साल्झबर्गहून म्युनिककडे येताना सीमेवर पोलीस चढून तपासतात.

बडोद्याहून

प्रागला जाणार असाल तर कार्लश्टाइन सोडू नका. लोकल गाडीनं चाळीस मिनिटं, मग अर्ध्या तासाची चढण. सम्राट चार्ल्स चौथ्यानं १३४८ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला आणि राजचिन्हं तिथं ठेवली. चेक देशात युरो नाही, कोरुना चालतो, थोडी रोख जवळ असू द्या.

धागाकर्ती

म्युनिकच्या दादांना एक विचारायचंय. फ्युसेनहून परत न येता तसंच पुढं साल्झबर्गला गेलं तर?

म्युनिकहून

ताई, तसं करू नका. फ्युसेनला रेल्वेलाइन संपते, साल्झबर्गला जायला पुन्हा म्युनिकलाच यावं लागतं. बॅगा म्युनिकच्या हॉटेलात राहू द्या, रात्री परत या आणि साल्झबर्गची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी धरा. दोन तासांत पोचाल.