कोरियन बोली: नुसता हेल नाही, व्यंजनंही वेगळी

वर एकांनी लिहिलंय की बुसानची बोली सोलपेक्षा वेगळी वाटते ती फक्त हेल काढण्यामुळे. हेल आहेच, पण व्यंजनंही बरीच वेगळी आहेत. बुसान ज्या ग्यॉंगसांग भागात येतं (कोरियाचा आग्नेय कोपरा), त्याच्या पूर्वेकडच्या जुन्या पिढीच्या तोंडी साधा 'स' आणि जोर देऊन उच्चारलेला 'स्स' यांत फरकच नसतो. सोलमध्ये 'स्साल' म्हणजे तांदूळ आणि 'साल' म्हणजे मांस. तिकडे दोन्ही 'साल'च. यावरून त्यांची भरपूर थट्टा होते.

त्याच भागात काही जुने उच्चार टिकलेत. 'थंडी आहे' याला सोलकर 'छुवॉ' म्हणतो, ग्यॉंगसांगची आजी 'छुबॉ'. कोळंबी सोलमध्ये 'सेउ', तिकडे 'सेबी'. सोलमध्ये हा मधला 'ब' आधी मऊ झाला नि मग विरला. 1446 च्या हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, त्या मऊ 'ब'साठी वेगळं अक्षरही होतं.

मला सगळ्यात रस आहे तो प्यॉंगआन बोलीत, म्हणजे प्यॉंगयांगच्या बाजूला. स्टेशनला सोलमध्ये 'चॉंगोजांग', तर तिथल्या जुन्या बोलीत 'तॉंगोदांग'! बाकी बहुतेक कोरियात अशा शब्दांतल्या 'त'चा पुढे 'च' झाला, इथे 'त' तसाच राहिला. त्याचं एक कारण असं देतात की इथला 'च' आपल्या 'चाका'तला आहे, सोलचा 'चहा'तला. जीभ टाळूकडे गेलीच नाही, मग 'त' तरी कशाला सरकेल? मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्यांची मात्र पंचाईत होते.

दक्षिणेत ग्यॉंगसांगमध्ये उलट प्रकार, तिथे 'क'चाही 'च' झाला: तेलाला 'कीरुम'ऐवजी 'चीरुम'. हे नैऋत्येकडच्या जॉल्ला भागातही ऐकू येतं.