हायड्रोजनला पंधरा दिवसांत वीज? कुठे मिळते, पत्ता द्या!

बसबार:
कालपासून एक पोस्ट फिरतेय: "हायड्रोजनवाल्या शेठजींना १५ दिवसांत वीज, शेतकरी जन्मभर रांगेत." लोकांनी धडाधड पुढे पाठवली. नियम किती जणांनी उघडून पाहिला, देव जाणे. राहवलं नाही म्हणून लिहितो.

ते १५ दिवस ओपन अ‍ॅक्सेसचे आहेत. म्हणजे राजस्थानात नाहीतर धुळ्यात तयार झालेली वीज तारांवरून आणायची परवानगी. सबस्टेशनात बे, म्हणजे आपली लाईन जोडायची जागा, मिळणं हा वेगळा विषय. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या हरित हायड्रोजन (सौर-पवन विजेवर बनवलेला हायड्रोजन) धोरणात जोडणी 'प्राधान्याने' द्या असं म्हटलंय, तिला दिवस नेमून दिलेले नाहीत. आणि ते १५ दिवससुद्धा अर्ज 'पूर्ण' मिळाल्यापासून. अर्ज पूर्ण आहे की नाही हे कोण ठरवतं, ते कधी अर्ज केलेल्याला विचारा.

एका लहान इलेक्ट्रोलायझरच्या (विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणारं यंत्र) जोडणीत मी स्वतः होतो. लोड फ्लो (जाळ्यावर किती भार येईल) आणि हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतला बिघाड) यांचे अभ्यास, विद्युत निरीक्षकाची चार्जिंगची परवानगी, शिवाय हायड्रोजन दाबाखाली साठवायचा म्हणून नागपूरच्या स्फोटक विभागाच्या पायऱ्या. रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारं यंत्र) १२ पल्सचा की २४ चा, एवढ्यावरच चार महिने कागद फिरला. पायघड्या म्हणता त्या याच का?

माझी तक्रार उलटी आहे. या मंडळींना २५ वर्षं आंतरराज्य पारेषण शुल्क (एका राज्यातून दुसऱ्यात वीज नेण्याचं भाडं) माफ, क्रॉस सबसिडी अधिभार (इतरांच्या स्वस्त विजेसाठी मोठ्या ग्राहकाकडून घेतात तो) माफ. द्या की. पण त्या बदल्यात एक अट घाला: संध्याकाळी ग्रिडची दमछाक झाली की हा लोड, म्हणजे यांचा वीजवापर, आधी उतरेल. धोरणात सवलतींची यादी आहे, ही अट नाही. फुकट कशाला द्यायचं?

उसाचा_फड:
ती पोस्ट मीच पुढे पाठवली होती. पुन्हा पाठवीन.

२०१९ ला विहिरीच्या वीजजोडणीचं कोटेशन भरलं. पावती लॅमिनेट करून ठेवलीय, आता तिचीच शाई उडाली. विहिरीपासून डीपी (ट्रान्सफॉर्मर) चारशे मीटर. "पोल आले की देतो." २०२१ ला आमच्याच बांधावर २२० केव्हीचा टॉवर मात्र उभा राहिला, त्याला पोल कमी पडले नाहीत! वरून लाईन गुणगुणते, खाली मी डिझेल इंजिनाला हँडल मारतो. तुमचा बे आणि पल्स तुमच्यापाशी ठेवा.

ओपनअ‍ॅक्सेसवाला:
@उसाचा_फड दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण तो टॉवर हायड्रोजनचा नाही. विषय भरकटवू नका.

@बसबार, 'लोड उतरवा' म्हणायला काय जातंय? अल्कलाइन स्टॅक (इलेक्ट्रोलायझरचा गाभा) म्हणजे घरातला पंखा नव्हे. फार खाली आणला तर हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपायला लागतो, मग ट्रिप (मशीन आपोआप बंद), मग नायट्रोजनने पर्ज (आतला वायू बाहेर काढणं). एका किलोला ५०-५५ युनिट वीज लागते, म्हणजे खर्चाचा मोठा वाटा विजेचाच. मशीन निम्मा वेळ बंद ठेवलं तर दर काय पडेल, हिशेब करून बघा. राज्याने २०२३ च्या धोरणात ८,५६२ कोटी ठेवले ते काय हौसेखातर?

निवृत्त_लाईनमन:
खाली आणलं तर झिरपतं, मान्य. मग पूर्ण बंद करा. संध्याकाळचे चार तास. आम्ही गावंच्या गावं बंद केलीत आठ-आठ तास, तेव्हा कुणी नायट्रोजनची चौकशी केली नव्हती.

उसाचा_फड:
काका, लाख बोललात 🙏

डॉर्टमुंडकर:
तुम्ही घरातच भांडत बसलात. माल विकायचा कुठे? युरोपात म्हणत असाल तर इथला नियम वाचा. १ जानेवारी २०३० पासून ज्या तासात सौर-पवन वीज तयार झाली त्याच तासात ती इलेक्ट्रोलायझरने वापरलेली दाखवावी लागेल. तोवर महिन्याचा ताळा चालतो. आपलं हरित हायड्रोजनचं २०२३ चं मानक मात्र हायड्रोजनच्या किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइड, तेही १२ महिन्यांची सरासरी, आणि ग्रिडकडे बँक केलेली (आत्ता टाकून नंतर परत घेतलेली) वीजही हिरवीच. दुपारचं ऊन बँकेत टाकून रात्री काढलेला हायड्रोजन इथल्या बंदरात हिरवा ठरणार नाही.

ओपनअ‍ॅक्सेसवाला:
आले साहेब जर्मनीतून शिकवायला! तुमच्याकडेच इलेक्ट्रोलायझरला २० वर्षं ग्रिड फी माफ आहे, ते नाही सांगितलंत.

डॉर्टमुंडकर:
आहे. आणि ती कोण भरतं यावरून इथेही बोंब आहेच. माझ्या बिलात ग्रिडचा आकडा बघून बायको म्हणते, पुण्यातलं बिल बरं होतं.

बसबार:
@ओपनअ‍ॅक्सेसवाला, मुद्दा तोच. पारेषण शुल्क 'माफ' म्हणजे नाहीसं होत नाही. ते एकाच हंड्यात जमतं, एकाने भरलं नाही तर बाकीच्यांच्या वाट्याला येतं, आणि वितरण कंपनीच्या दरातून तुमच्या-माझ्या घरी पोहोचतं. ते आम्ही भरायचं, मग चार तास थांबायला काय होतं?

आणि @उसाचा_फड, तुम्ही टॉवरचं काढलंत ते विषयाबाहेर नाही. वीज नियमांच्या जानेवारी २०२४ च्या दुरुस्तीने राज्याच्या जाळ्यात किमान १० मेगावॉट आणि आंतरराज्य जाळ्यात किमान २५ मेगावॉट लोड असलेला ग्राहक परवान्याशिवाय स्वतःची समर्पित (फक्त स्वतःसाठीची) लाईन टाकू शकतो. ती जाणार कुणाच्या रानातून?

उसाचा_फड:
आता कसं बोललात! आम्हाला विचारणार कोण? टॉवरवाले आले तेव्हा १८८५ च्या तार कायद्याचा कागद दाखवला. माझे आजोबापण जन्मले नव्हते तेव्हा. पिकाचे पैसे दिले, पायाखालच्या जागेचे हातावर ठेवले, तारांखालच्या पट्ट्याचे शून्य. त्या पट्ट्यात आता ना झाड लावता येत ना घर बांधता येत.

ओपनअ‍ॅक्सेसवाला:
जून २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना बघा. पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के.

उसाचा_फड:
माझा टॉवर २०२१ चा. तेव्हा कुठे होतात तुम्ही?

निवृत्त_लाईनमन:
मार्गदर्शक सूचना म्हणजे मार्ग दाखवायचा. चालायचं की नाही, ते राज्याने ठरवायचं.

बसबार:
एक दुरुस्ती: परवाना नको म्हणजे तार कायद्याचे अधिकार आपोआप मिळाले असं नाही. त्यासाठी वीज कायद्याच्या कलम १६४ खाली सरकारचा आदेश लागतो. तो कागद आहे का, हे आधी विचारायचं. नसेल तर शेतकऱ्याची परवानगी घ्यावी लागेल.

उसाचा_फड:
हे मला त्या वर्षी कुणी का सांगितलं नाही? खरंच विचारतोय.

ओपनअ‍ॅक्सेसवाला:
बरं, शांत व्हा सगळे. संध्याकाळचे चार तास लोड उतरवायची अट... बँकिंगची ३० टक्क्यांची मर्यादा उठवून दिली तर आमचे क्लायंट विचार करतील. पण तेवढ्यासाठी 'शेठजी' म्हणायचं थांबवा.

बसबार:
३० टक्के ही मर्यादा नाही हो, किमान आहे! २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन अ‍ॅक्सेस नियमात 'किमान ३० टक्के' बँकिंग द्या असं आहे. राज्य वीज नियामक आयोग जास्त देऊ शकतो. सल्लागार तुम्ही, वाचायचं मी?

ओपनअ‍ॅक्सेसवाला:
प्रत्यक्षात किमान हेच कमाल होऊन बसतं, हे तुम्हालाही माहीत आहे. पण असो, शब्द चुकला. मानला.

निवृत्त_लाईनमन:
स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

@उसाचा_फड, एक सांगतो, हसू नका. फेब्रुवारी २०२४ पासून ग्राहक हक्कांच्या नियमात ग्रामीण भागात नव्या जोडणीची मुदत किती आहे माहितेय? १५ दिवस. तुम्ही आणि हायड्रोजन, कागदावर सारखेच. फक्त जाळं वाढवावं लागणार असेल तर मुदत वाढते. तुमचे चारशे मीटर तिथेच अडकलेत.

उसाचा_फड:
काका, हसत नाही. अर्ज करतो उद्या. पावतीची शाई उडालीय, चालेल का?