रोझा वन फॉन्टच्या बारीक रेषा कार्डावर उडाल्या, काही जुगाड आहे का?

इतवारीचा_प्रेसवाला
भाऊ, इतवारीत माझा लहानसा प्रेस आहे, लग्नपत्रिकांचाच धंदा. एका गिऱ्हाईकाला नावं 'राजेशाही' पाहिजे होती, म्हणून रोझा वन लावला. काना दांडक्यासारखा जाड न त्याला चिकटलेली रेष केसासारखी. मॉनिटरवर पाहून मुलीचे बाबा खूश. मरून कार्डावर सोनेरी शाईनं स्क्रीन प्रिंटिंग मारलं. वधूवरांची नावं ४८ पॉइंटात झकास आली. पण माझी अक्कल पहा, स्थळ-मुहूर्तही त्याच फॉन्टात, ११ पॉइंटात टाकला! 'शुभमुहूर्त'चे नुसते दांडे उभे, बाकी सगळं गायब. ४०० कार्डं रद्दीत, दुसरी खेप माझ्या खिशातून.

आता दुसरं गिऱ्हाईक तीच नावं पाहून आलं. फॉन्टच बदलू का?

बर्डीचा_पेंटर
काहून बदलता? आम्ही ब्रशनं पाट्या लिहायचो तेव्हा दुकानाचं नाव नखऱ्याचं, खालचा पत्ता साधा. पत्त्यात नखरा केला की माणूस शेजारच्या दुकानात शिरते.

मात्रा_वेलांटी
तो फॉन्ट मथळ्यासाठीच आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा, फुकट, एकच वजन, म्हणजे जाडीचा एकच प्रकार. रोमन अक्षरांतला हा जाड-बारीक थाट इटालियन मुद्रक बोदोनीच्या काळापासूनचा, म्हणजे १८व्या शतकाच्या अखेरचा. पण तेव्हा प्रत्येक मापाचे ठसे वेगळे कोरत, आणि लहान मापात बारीक रेष मुद्दाम जरा जाड ठेवत. आपण एकच फाइल ४८वरून ११वर आणतो, रेषही तेवढीच झिजते.

नावं कर्व्हमध्ये बदला, म्हणजे अक्षरांचा आकार चित्रासारखा करून घ्या, आणि त्याच रंगाची अगदी बारीक आऊटलाइन द्या, ०.२ पॉइंटपासून सुरुवात करा. जास्त दिली तर 'ब'चं पोट भरेल. बोल्डचं बटण मात्र दाबू नका, कॉम्प्युटर खोटा बोल्ड बनवतो.

इतवारीचा_प्रेसवाला
हाव, जमलं. नावं रोझात ०.२ आऊटलाइन देऊन, पत्ता मुक्ता या साध्या फॉन्टमध्ये. एकच कार्ड मारून दाखवलं. मुलाचे काका म्हणे, "पत्ता काहून साधा?" रद्दीतलं जुनं कार्ड हातात दिलं न म्हटलं, मुहूर्त वाचून दाखवा. चष्मा पुसला, उजेडात धरलं, मग म्हणे, "असू द्या साधा."